सुशिक्षितांचे डोळे

परदेशी विद्यार्जनासाठी गेलेल्या मुलास सुट्टी कशी घालविलीस म्हणून विचारावे, आणि ‘चित्रसंग्रहालयात गेलो होतो’ असे उत्तर यावे, की नाशकातील घरोघरी दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. ‘एवढे कर्ज काढून पाठविले ते रेघोट्या पाहण्यासाठी काय?’ हे पहिले. आणि ‘असली चित्रे आमचा बाळूही काढील’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये सुशिक्षितांच्या तोंडची आहेत, आणि दोन्ही सुशिक्षितांस शोभत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०१४ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. न्यूयॉर्क येथे शिकत असलेला आमच्या परिचयाचा एक तरुण तेथील गुगेनहाइम संग्रहालयात गेला. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन तेव्हा तेथे भरले होते. त्याने आम्हांस लिहिले, ‘चित्रात माणूस नाही, झाड नाही, नुसते रंगाचे थर. काही कळेना. पण लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. हा चित्रकार १९२४ साली नागपुरास जन्मला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, हे मला परक्या मुलखातील भिंतीवर इंग्रजीत वाचावे लागले.’ वडिलांस मात्र हे लिहिण्याचा त्यास धीर झाला नाही.

तो लाजला, हे त्यास भूषणावह आहे. लाजावयास हवे ते आपण. आपल्या मुलांस आपण चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांस बसवितो ते दहावीचे वाढीव गुण पदरात पाडून घेण्यासाठी. निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते. अशा रीतीने वाढलेल्या मुलाने गायतोंड्यांपुढे गोंधळून उभे राहावे, यात नवल ते काय?

‘मग त्या चित्राचा अर्थ सांगा,’ असे आमचे प्रतिपक्षी म्हणतील. भैरवाचा आलाप चालू असता त्यात झाड कोठे आहे, असे कोणी विचारतो काय? ज्या नाशकात विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात आश्रम स्थापिला, त्या गावास हे सांगण्याची पाळी येऊ नये. स्वराकडे नक्कल मागू नये, हे आपला कान शिकला. रंगाने मात्र कशाची तरी नक्कल केलीच पाहिजे, हा डोळ्याचा हट्ट अद्याप सुटलेला नाही.

नव्या चित्रकलेच्या नावावर लबाडी मुळीच चालत नाही, असे आम्ही म्हणत नाही. ती चालते. परंतु खोटे नाणे ओळखावयाचे तर खरे नाणे पुष्कळ वेळा हाताळलेले असावे लागते. ज्याने एकही चित्र पाव घटका पाहिले नाही, त्याने सर्वांसच खोटे ठरविणे हा न्याय नव्हे.

ही सवय लावण्यास न्यूयॉर्क गाठण्याचे कारण नाही. गावापासून सुमारे आठ किलोमीटरांवर पांडवलेणी आहेत. तेथील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आणि त्याच्या दर्शनी भागी यक्ष खांद्यांवर तुळया घेऊन लेण्याचा भार पेलीत आहेत. त्यांचे माप जिवंत माणसाशी जुळवू पाहाल तर जुळणार नाही. तरीही डोंगराचे ओझे ते आपल्या खांद्यास जाणवून देतात. तो शिल्पकार सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नक्कल सोडून पुढे गेला. आपण आजही त्याच्या दारात फराळाचे डबे उघडून बसतो व उतरून येतो.

मुलगा परदेशी निघाला की त्याच्या सामानात लोणच्याची बरणी आठवणीने जाते. त्याच आठवणीने एक दिवस त्यास पांडवलेण्यांत न्यावे, एक दिवस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात न्यावे, आणि तेथे वडिलांनीही मुकाट्याने पाहावे.

तो तरुण पुढे आणखी तीन रविवार गायतोंड्यांची चित्रे पाहण्यास गेला. त्याच्या घरी हे अजून ठाऊक नाही. चांगले चित्र पाहिल्याची गोष्ट ज्या घरी मुलास लपवावी लागते, त्या घरास सुशिक्षित म्हणावयास आम्ही तयार नाही.