हिरोच्या आधी जात

'जय भीम' (२०२१) हा तमिळ चित्रपट तुरुंगाच्या दारात सुरू होतो. सुटणाऱ्या प्रत्येकाला जात विचारली जाते. वरचढ जातीचा माणूस घरी जातो. इरुलर, कुरवर मात्र बाजूला उभे केले जातात आणि न उलगडलेल्या केसेस अंगावर टाकायला पोलीस त्यांना परत घेऊन जातात. सूर्या अजून पडद्यावर आलेलाच नाही! दिग्दर्शक ज्ञानवेल यांनी हिरोच्या एन्ट्रीआधी व्यवस्थेची एन्ट्री घेतली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. काही मित्र म्हणाले, अतिरंजित आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी आपल्याकडे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावरच येते. अतिरंजित म्हणणाऱ्यांनी तिथे एक रात्र काढावी.