तारांची चाके आणि न दिसणारा तुंबा

जुन्या मोटारींचे प्रदर्शन कोठेही भरो, एखाद्या ठेंगण्या, दोन आसनी, उघड्या स्पोर्ट्स मोटारीभोवती तरुण मंडळींचा घोळका हटकून जमतो. आणि मोटारीच्या बांध्याइतकेच कौतुक तिच्या तारांच्या चाकांचे होते. आमच्या बडोद्यात २०२३ सालच्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात अशा जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. तेव्हापासून या विषयाची गोडी आमच्या विद्यार्थ्यांतही वाढली आहे. अशी जुनी गाडी पुन्हा चालती करताना तिला चाके कोणती घ्यावीत आणि कोठून आणावीत, हा प्रश्न वरवर केवळ हौशी धनिकांचा वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. या प्रश्नात रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा संबंध येतो, आणि याबाबतीत बहुसंख्य हौशी मंडळी आधी जे पाहावयास हवे ते शेवटी पाहतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या दारात मोटार नाही त्यांच्या दारात सायकल असते. तेव्हा आरंभ तेथूनच करू. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे असतात. गाडीचे ओझे तुंब्यावर येते आणि तुंबा खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. आरे दाबले जातात. सायकलच्या चाकातील तार ही अशी दाबली जाऊच शकत नाही. बोटाने दाबली तरी ती वाकते. ती काम करते ते ताणाच्या जोरावर. चाक बांधतानाच सर्व तारा चोहोबाजूंनी ताणून ठेवलेल्या असतात. ओझे आले की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, इतकेच. जोवर एकही तार पुरती ढिली पडत नाही तोवर हे नाजूक दिसणारे चाक आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार वाहते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या गावी जेम्स स्टार्ली या कारागिराने १८७० साली तारांच्या चाकांची सायकल पुढे आणली, आणि १८७४ साली तारा तुंब्यातून सरळ न नेता स्पर्शरेषेने, म्हणजे तिरप्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या अशा लावण्याची पद्धत काढली. त्यामुळे तुंब्याला दिलेला पीळ तारांच्या ओढीने थेट रिमपर्यंत पोहोचू लागला. आज आपल्या सायकलचे चाक पाहिले तर ती तिरपी गुंफण दिसेल. मोटारीच्या चाकातही तीच आहे.

त्याच कॉव्हेंट्रीतील रज-व्हिटवर्थ या सायकलच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीसाठी सहज काढता-घालता येणारे तारांचे चाक तयार केले. त्याची युक्ती अशी : आसाच्या टोकाशी पोलादी तुंबा, त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक दाते, चाकाच्या मध्यभागी पोकळ नळी, तिच्या आतल्या बाजूस तसेच दाते. चाक तुंब्यावर सरकवले की दात्यांत दाते बसतात, आणि वरून एकच मोठा नट आवळला की काम झाले. शर्यतीत चाक बदलावयास ही सोय फार मोलाची ठरली. शिवाय चाक हलके, आणि तारांमधून वारा खेळत असल्याने ब्रेक थंड राहात. मग ही चाके वेगाची खूणच होऊन बसली. इंदूरच्या महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूसेनबर्गवरही तारांचीच चाके होती.

येथे एक गोष्ट आमच्या हौशी मित्रांनी ध्यानात घ्यावी. ज्या शर्यतवाल्यांनी ही चाके डोक्यावर घेतली त्यांनीच ती आधी खाली ठेवली. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जी जॅग्वार सी-टाइप विजयी झाली तिला तारांची चाके होती. पुढच्याच वर्षी आलेल्या डी-टाइपला मात्र हलक्या मिश्रधातूची, भोके पाडलेली तबकडीची चाके होती. वाढत्या वेगाचा आणि अधिकाधिक जोरकस ब्रेकांचा ताण तारांना जड जाऊ लागला होता. तरीही १९६१ सालची जॅग्वार ई-टाइप तारांच्या चाकांवरच बाजारात आली, कारण ती सुंदर दिसतात. त्यात गैर काही नाही. सौंदर्यासाठी घेतलेली वस्तू सौंदर्यासाठी घेतली आहे हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करावे, म्हणजे तिची निगा अधिक राखावी लागते हेही ओघानेच मान्य होते.

आता उदाहरणादाखल एम. जी. बी. ही गाडी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथील कारखान्यातून दोन्ही प्रकारच्या मिळून पाच लाखांहून अधिक एम. जी. बी. बाहेर पडल्या. त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स मोटारींत हिचे सुटे भाग मिळणे सर्वांत सोपे; १९८८ पासून तर हिचे नवे पोलादी सांगाडेही इंग्लंडात बनू लागले. हिला तारांची चाके जादा पैसे दिल्यास मिळत : चौदा इंची, साठ तारांची, रुपेरी रंग दिलेली. आज बाजारात साठ तारांची तशीच चाके मिळतात, बहात्तर तारांची मिळतात, रंगवलेली मिळतात आणि क्रोमचा मुलामा दिलेलीही मिळतात. खरेदीदाराचा डोळा अर्थात शेवटच्या प्रकारावर जातो.

आमचा कौल रंगवलेल्या साठ तारांच्या चाकाला आहे. कारखान्याने या गाडीला तेच दिले होते, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू धातुशास्त्राची आहे. मुलामा चढवण्यापूर्वी पोलाद आम्लात बुडवून स्वच्छ करतात, नंतर विजेच्या साहाय्याने क्रोम चढवतात. या क्रियांत सुटणारा हायड्रोजन वायू कडक पोलादाच्या अंगात शिरतो आणि त्यास ठिसूळ करतो. मुलाम्यानंतर ताबडतोब भट्टीत योग्य तितका वेळ तापवले तर तो वायू बाहेर पडतो. तो वेळ वाचवला तर तार दिसावयास आरशासारखी आणि अंगाने काचेसारखी. सदैव ताणाखाली राहणाऱ्या वस्तूला ठिसूळपणासारखा शत्रू नाही. क्रोमच हवे असा हट्ट असेल, तर निदान तारा स्टेनलेस पोलादाच्या आहेत की मुलाम्याच्या, हे विक्रेत्याला विचारून आणि लिहून घ्यावे. गाडीचे इंजिन वाढीव शक्तीचे असेल तर बहात्तर तारांना आमची हरकत नाही; तारा अधिक म्हणजे चाक अधिक ताठ.

परंतु तारांची संख्या, रंग, चकाकी ही सारी चर्चा दुय्यम आहे. मुख्य गोष्ट दृष्टीआड असते, ती म्हणजे तुंबा आणि त्यावरील दाते.

जरा विचार करा. मोटारीचा ब्रेक चाकाला धरीत नाही. तो तुंब्याला जोडलेल्या तबकडीला किंवा पिंपाला धरतो. तुंबा थांबला म्हणजे चाक थांबते ते केवळ त्या बारीक दात्यांमुळे. इंजिनाची शक्तीही मागल्या चाकांना त्याच दात्यांतून मिळते. हे दाते झिजत झिजत नाहीसे झाले, तर चालकाने ब्रेक दाबावा, तुंबा आज्ञाधारकपणे थांबावा आणि चाक त्याच्याभोवती खुशाल फिरत राहावे, असा प्रसंग येऊ शकतो! वरून पाहणाराला चाक नवे कोरे, तारा लखलखीत. दिसते तसे नसते ही म्हण जणू याच वस्तूसाठी झाली असावी.

परीक्षा अवघड नाही. चाक काढून दात्यांचे माथे पाहावेत. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो. झिजलेला दाता करवतीच्या दातासारखा टोकदार होतो. चाक न काढताही कळते : मागले चाक जॅकने उचलावे, गाडी दोन्ही बाजूंनी नीट अडवून हातब्रेक ओढावा, आणि चाक पुढे-मागे हलवावे. तुंबा स्थिर असता चाक हलले आणि आतून खट्‌ असा आवाज आला, तर त्या गाडीस त्या अवस्थेत रस्त्यावर नेऊ नये. याबाबतीत आम्ही कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. कित्येक मंडळी येथे अर्धीच गोष्ट करतात : नवी चाके आणतात आणि जुन्याच तुंब्यांवर चढवतात. झिजलेल्या तुंब्याचे टोकदार दाते नव्या चाकाचे दाते अल्पावधीत खाऊन टाकतात. म्हणजे पैसा गेला आणि धोका राहिला. जुन्या चाकाला नव्या तारा घालून मिळतात हे खरे. पण तारा नव्या झाल्या म्हणून नळीतले दाते नवे होत नाहीत. ज्याच्यापाशी पैसे बेताचे आहेत त्याने चाकांची खरेदी वर्षभर पुढे ढकलावी, आणि तुंबे व चाके एकदमच घ्यावीत.

तुंब्यांची दुसरी भानगड डाव्या-उजव्याची. गाडीच्या डाव्या बाजूच्या तुंब्यावर नेहमीसारखे उजवे आटे असतात आणि उजव्या बाजूच्या तुंब्यावर उलटे, म्हणजे डावे. सैल बांगडी मनगटाभोवती फिरवताना जशी हळूहळू सरकते, तसा हा नट चाकाच्या शंकूवर किंचित सरकू पाहतो. आटे योग्य बाजूस असतील तर गाडी पुढे चालताना हे सरकणे नट आवळण्याच्या दिशेने होते. तुंब्यांची अदलाबदल झाली तर तोच नट प्रत्येक मैलागणिक सुटू लागतो. नट सोडवण्याची दिशा दाखवणारा बाण बहुधा त्यावरच कोरलेला असतो. सोडवताना नट नेहमी गाडी पुढे जाताना चाक फिरते त्या दिशेने फिरला पाहिजे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी एवढे पडताळून पाहावे. कोणाच्या तरी हातून पूर्वी आस उघडला गेला असेल, कोणी सांगावे?

काहींचा आक्षेप असा येईल की गाडी आमची, पैसा आमचा, हौस आमची. तुम्ही का उपदेश करता? सुटलेले चाक मालकाच्या कुंपणात राहात नाही, एवढेच आमचे उत्तर आहे. ते पदपथावरून शाळेत निघालेल्या मुलाकडेही जाऊ शकते.

जी एम. जी. बी. मुळात साध्या पोलादी चाकांवर कारखान्यातून निघाली तिला तारांची चाके लावण्याचा मोह अनेकांना होतो. आमच्या मते तो आवरावा. तारांच्या चाकांच्या गाडीचा मागला आस मुळातच आखूड असे, कारण दातेदार तुंबे बाहेर अधिक येतात. साध्या गाडीवर तसलेच तुंबे बसवले की टायर मडगार्डला घासू लागते. बोल्टांनी बसवावयाचे खास तुंबे मिळतात, त्यांनी ही अडचण बरीचशी दूर होते. तरी मग गाडीच्या इतिहासात आपण एक खोटे पान घातले हे उरतेच. साधी चाकेही त्या काळाचीच आहेत. त्यांची लाज का वाटावी?

आता मिळण्याची ठिकाणे. मिलानचे बोरानी १९२२ पासून रज-व्हिटवर्थच्या परवान्यावर चाके करू लागले आणि पुढे फेरारीसारख्या गाड्यांसाठी नावाजले. अमेरिकेतील डेटन हे नाव १९१६ पासूनचे. इंग्लिश गाड्यांसाठी मोटर व्हील सर्व्हिस या इंग्लंडमधील पेढीकडे मंडळी वळतात. इंग्लंडच्या दुकानांत विकली जाणारी काही चाके भारतातच तयार झालेली असतात, हे वाचून आमच्या वाचकांस अचंबा वाटेल. सायकलच्या चाकाचा आउट काढणारे इतके हात ज्या देशात आहेत तेथे हे अशक्य का वाटावे, हे आम्हांस कळत नाही. चाक कोठे बनले यापेक्षा ते कसे बांधले हे पाहावे. लहान पान्याने एकेक तार हलकेच ठोकावी. ताणलेली तार खणखणते, ढिली तार बद्द वाजते. चाक फिरवून रिमजवळ खडू धरावा, म्हणजे वाकडेपणा लपत नाही.

जुन्या बाजारातून चार चाके स्वस्तात मिळत असतील तर ती दाते पाहिल्यावाचून घेऊ नयेत. आणि विक्रेता रबरी टोपण काढून दाते दाखवावयास कुरकुरला तर तेथून सरळ परतावे. नेहमीच्या तारांच्या चाकात निपलांची भोके रिममधून आरपार असतात, म्हणून आत ट्यूब लागतेच. ट्यूबवाचून चालणारी, भोके बंद केलेली चाके हल्ली मिळतात, पण ती मागताना तसे स्पष्ट सांगावे लागते. ट्यूब घालण्यापूर्वी रिमच्या आतून वर आलेली तारांची टोके कानशीने घासून सपाट करावीत, त्यावर रबरी पट्टी बसवावी, आणि नव्या टायरच्या आत चिकटवलेला कागद आठवणीने खरवडून काढावा. त्या क्षुल्लक कागदाच्या कडेने घासून ट्यूब फुटते. दात्यांना पातळसे ग्रीस लावावे, नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने ठोकावा, आणि थोडे मैल चालवून पुन्हा एकदा ठोकून पाहावा.

राहता राहिला नटाच्या कानांचा वाद. दोन किंवा तीन कानांचा नट हीच खरी शोभा, असे जुने रसिक मानतात. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींवर बाहेर आलेले असे कान लावण्यास बंदी झाली, आणि एम. जी. बी. ला आठ कोनांचे सपाट नट आले. १९६८ पूर्वीच्या गाडीस कान असावेत, त्यात आम्हांस खटकत नाही. मात्र जी गाडी गर्दीच्या गल्लीतून, सायकली आणि पायी चालणारे यांच्यामधून रोज न्यावयाची आहे, तिला आम्ही आठकोनीच नट लावू, आणि कानांची जोडी रविवारच्या प्रदर्शनासाठी कपाटात ठेवू.