फोडणीची पळी पुसूनच धुवा!

ओसाका, क्योतो, कोबे इथल्या मराठी घरांत वरणाच्या कुकरला जे पाणी लागतं, ते बरंचसं शिगा प्रांतातल्या बिवा सरोवराचं असतं. सुमारे १ कोटी ४० लाख माणसं या पाण्यावर जगतात. आणि सरोवर जगतं ते ऊन पोचणाऱ्या वरच्या थरात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, म्हणजे प्लवकांवर. त्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. डायटमच्या काचेसारख्या काड्या दिसतील, पेडियास्ट्रमच्या शिंगं फुटलेल्या हिरव्या चकत्या दिसतील. यांच्यावर पोसतात इवलेसे कवचधारी जीव, आणि त्यांना खातो कोआयु मासा. ही उतरंड खालूनच ढासळते.

मे १९७७ मध्ये बिवाचं पाणी तांबूस झालं, मासळीचा वास सुटला. युरोग्लिना हे शैवाल अतोनात माजलं होतं. त्याला खतपाणी मिळत होतं सांडपाण्यातून, आणि त्यात कपड्यांच्या पावडरींमधल्या फॉस्फरसचीही भर होती. शिगातल्या बायका गप्प बसल्या नाहीत. तळणाचं उरलेलं तेल गोळा करून त्याचा साबण वापरायची चळवळ त्यांनी घरोघरी नेली. १९७९ मध्ये प्रांताने नियम केला, आणि १९८० पासून फॉस्फरस असलेल्या घरगुती डिटर्जंटची विक्री आणि वापर दोन्ही बंद झाले. बादलीपाशी उभ्या असलेल्या बायकांनी कायदा करायला लावला, याचं मला फार मोल वाटतं.

आज संकट वेगळं आहे. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली उतरतं आणि तळाला प्राणवायू पोचवतं. २०१९ आणि २०२० मध्ये, लागोपाठ दोन वर्षं, हिवाळा उबदार राहिल्यानं हे अभिसरण पूर्ण झालंच नाही. तापत्या हवेशी एकटं घर लढू शकत नाही. पण सरोवरावरचा सांडपाण्याचा भार तरी आपण हलका करूच शकतो.

ओत्सू, कुसात्सूला राहणाऱ्या मराठी मंडळींनो, तुमची मोरी बिवाच्या खोऱ्यातली आहे. दिवाळीच्या चकल्या तळून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, गाळून बाटलीत भरा आणि संकलन केंद्रावर द्या. फोडणीची पळी, तुपाची वाटी आधी जुन्या कापडानं पुसा, मग धुवा. तांदळाचं धुवण कुंड्यांना घाला. ओसाका-कोबेकरांनो, तुमचं सांडपाणी बिवात येत नसलं तरी ते ज्या समुद्राला मिळतं, तिथेही प्लवकंच आहेत. म्हणून हे नियम तुम्हीही पाळा. आणि १ जुलै हा बिवा सरोवर दिन. त्या सुमारास काठाकाठाने साफसफाई होते. मुलांना घेऊन या, शेजाऱ्यांनाही आणा. ज्याचं पाणी पितो, त्याच्या काठावर दोन तास राबायला आपण जायलाच हवं.