सेटलमेंटची तार आपण ओळखतो!



शनिवारी काष्टीच्या बाजारात चहाला बसलो असताना विषय काढला. चीनमधून जीव मुठीत धरून पळालेल्या उइगर लोकांना परत चीनच्या हवाली करू नका, असा ठराव आपल्या ग्रामसभांनी करावा, असं म्हणालो. तर आपल्यातलाच एक म्हातारा फटकन बोलला, "आपल्या वनदाव्याचा निकाल लागंना, अन् तुम्ही चीनचं काय घेऊन बसला?"

सवाल खरा आहे. त्याला जवाबही सरळच दिला पाहिजे.

उइगर कोण? चीनच्या पश्चिम टोकाला, आपल्या लडाखच्या पलीकडे शिंजियांग नावाचा मुलूख आहे. तिथले हे मूळ लोक. भाषा वेगळी, धर्माने मुसलमान. २०१७ पासून चीन सरकारने त्यांच्यातल्या लाखो लोकांना छावण्यांत कोंडलं. गुन्हा काय? कुणी दाढी राखली, कुणी नमाज पढला, कुणाचा नातेवाईक परदेशात. खटला नाही, वकील नाही. सरकार म्हणतं, ही धंदेशिक्षणाची केंद्रं आहेत, आम्ही यांना सुधारतोय.

"सुधारतोय" हा शब्द कुठे ऐकलाय, आठवतो का? इंग्रजाने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी आईच्या पोटातूनच चोर ठरले. सोलापुरात तारेचं कुंपण घालून सेटलमेंट उभी केली. हजेरी दिल्याशिवाय हलायचं नाही, पास असल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. तेव्हाही साहेब म्हणायचा, आम्ही यांना सुधारतोय! तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण बाजारात चोरी झाली की पहिली नजर आजही पालाकडंच जाते.

आपण ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो. २०२२ साली त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने शिंजियांगचा अहवाल काढला. तिथे जे चाललंय तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकतो, असं त्यात लिहिलंय. तार तीच, फक्त मुलूख दुसरा.

आता त्या तारेतून सुटलेल्या माणसाला धरून परत आत ढकलायचं, याला काय म्हणायचं? थायलंडने तेच केलं. ४० उइगर माणसं तिथे २०१४ पासून कोठडीत होती. २७ फेब्रुवारी २०२५ ला, दिवस उजाडायच्या आत, त्यांना गाड्यांत घालून चीनच्या विमानात चढवलं. २०१५ साली अशीच १०९ माणसं दिली होती. पुढे त्यांचं काय झालं, हे बाहेरच्या कुणाला मोकळेपणाने जाऊन बघता येत नाही.

आणि आपल्या देशात? २०१३ साली तीन उइगर भाऊ डोंगर ओलांडून लडाखमध्ये आले, पकडले गेले. बिनपरवाना हद्दीत आल्याबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. ती भोगून संपली. तरी जनसुरक्षा कायद्याखाली मुदत वाढवत वाढवत त्यांना दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात ठेवलं. डोक्यावर टांगती तलवार एकच – उद्या चीनला परत धाडलं तर?

कुणी म्हणेल, ते घुसखोर आहेत, त्यांना कसला हक्क? थांबा जरा. आपल्याला काय म्हणतात? अतिक्रमणदार! १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायचा हुकूम दिला. देशभरातली दहा लाखांवर कुटुंबं उघड्यावर आली असती. आपण आरडाओरडा केला, २८ तारखेला स्थगिती मिळाली. आपलं म्हणणं काय होतं? आधी ऐकून घ्या, पडताळणी करा, मग बोला. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) हेच सांगतं. जो न्याय आपण आपल्यासाठी मागतो, तो दुसऱ्याला नाकारायचा कोणत्या तोंडाने?

कायदाही आहे. कप्ताई धरणात जमिनी बुडालेले चकमा आदिवासी १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून भारतात आले. अरुणाचलात त्यांना हुसकवायला लोक उठले. तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं काम आहे. घटनेच्या कलम २१ मध्ये "नागरिक" हा शब्दच नाही, "व्यक्ती" आहे. पण २०२१ साली रोहिंग्यांच्या बाबतीत त्याच न्यायालयाने परत पाठवणं थांबवलं नाही, फक्त रीतसर करा म्हणालं. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सहीही नाही. म्हणजे शरण आलेल्याचा जीव सरकारच्या मर्जीवर. मर्जीवर जगणं काय असतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि केंद्राच्या गृहमंत्रालयाला पाठवा :

१. त्या तिघांना, आणि कुठल्याही उइगराला, चीनच्या ताब्यात देऊ नका.
२. शिक्षा भोगलेल्या माणसाला खटल्याशिवाय डांबू नका. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाला त्यांना भेटू द्या.
३. जिथे छळ होणार तिथे कुणालाही परत धाडायचं नाही, असा कायदा करा.

बाबा, तुमच्या दाव्यासाठी मोर्चा निघणारच आहे. त्याच मोर्चात हाही कागद नेऊ. एका कागदाचं ओझं होत नाही.

लढेंगे, जीतेंगे!