वसूल झाले का?

मंडळी, आजचा लेख जरा तिखट आहे. गोड लागला नाही तर पाणी प्या, पण शेवटपर्यंत वाचा.

"पावणेदोन वर्षांच्या पोरीला डिस्नेलँडला नेऊन काय मिळालं? मोठी झाल्यावर तिच्या लक्षात तरी राहणार आहे का? पैसे पाण्यात!" आमच्या घरच्या ग्रुपवर नात्यातल्या एका गृहस्थांनी हे लिहिलं आणि आणखी चौघांनी त्यावर अंगठे उमटवले. नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. माझ्या लेकीने उत्तर दिलं नाही. तिने फक्त नातीचे फोटो पाठवणं बंद केलं. दोन महिने झाले. म्हणून हे उत्तर मी देते आहे. मी चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यात मास्तरकी केली आहे, चुकलेलं गणित बघितलं की हात शिवशिवतो!

आधी तुमच्याच हिशेबाने बघू. डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. म्हणजे छकुलीवर प्रवेशाचा खर्च झाला शून्य. जे पाचशेहून थोडे अधिक डॉलर गेले, ते आम्हा चार मोठ्यांचे. लेक, जावई, हे आणि मी. आमच्या चौघांच्या लक्षात ते पक्कं राहणार आहे. मग पाण्यात कोणाचे गेले?

असो. मुद्दा तिकिटाचा नाहीच. "लक्षात राहणार नाही" हे जे माप तुम्ही लावता, त्या मापाचा आहे.

त्याच्या तीनच आठवडे आधी, संक्रांत झाल्यावर, आम्ही कॅलिफोर्नियात लेकीच्या घरी छकुलीचं बोरन्हाण केलं होतं. हलव्याचे दागिने मी इथूनच डब्यात घालून नेले होते. काळं झबलं माझ्या बहिणीने शिवलेलं. अर्व्हाइनमध्ये आम्हाला बोरं काही मिळाली नाहीत, म्हणून द्राक्षं, चुरमुरे आणि ब्लूबेऱ्या डोक्यावरून ओतल्या. शेजारची चार मुलं वेचायला आली होती, त्यात एक कोरियन आणि एक मेक्सिकन. त्याचे फोटो आले तेव्हा याच मंडळींनी लिहिलं होतं, "किती गोड! संस्कार जपताय!" तेव्हा कोणी विचारलं नाही की हे तिच्या लक्षात राहणार आहे का. अहो, बोरन्हाण आठवणारा एक माणूस मला दाखवा. बारसं कोणाला आठवतं? उष्टावण? जावळ? आपली निम्मी कौतुकं ज्याच्यासाठी केली जातात, त्याला ती आठवत नाहीत. माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं फारसं काही आठवत नाही, हे मानसशास्त्राच्या पुस्तकांतही लिहिलेलं असतं. म्हणून तोवर मुलाला कडेवर घेऊन चांदोबा दाखवायचा नाही की काय?

आठवण राहत नाही, पण घडण राहते. ही गोष्ट महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायची गरज नसावी. ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, आणि अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासी पाड्यांच्या अंगणात जाऊन बालवाडी मांडली. त्या अंगणातल्या पोरांना पुढे ताराबाईंचा चेहरा आठवला असेल की नाही कोण जाणे. पण कोणी "पोरांच्या लक्षात तरी राहणार का" म्हणत बसलं असतं, तर बालवाडी झालीच नसती.

आता त्या दिवसाबद्दल सांगते, म्हणजे काय "वाया" गेलं ते कळेल.

मंगळवार होता. जावयांनी आणि लेकीने, दोघांनी रजा काढली होती. इतर दिवशी छकुली सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच पाळणाघरात असते. आम्ही गेलो की ते सहा महिने घरी. अनाहाइम लेकीच्या घरापासून अर्ध्या तासावर. गाडीत छकुली मागच्या सीटवर, तोंड मागे करून, पट्ट्यांत बांधलेली. यावरही एकदा शेरा आला होता, "मांडीवर घ्यायचं सोडून पोरीला काय जखडून ठेवता!" तिथे दोन वर्षांच्या आतल्या लहान मुलाला असंच उलटं बसवायचा कायदा आहे, आणि तो मुलाची मान वाचवण्यासाठी आहे. आपण इथे स्कूटरवर पुढे उभं करून नेतो ते प्रेम आणि हा दुष्टावा, असं कसं?

बाहेरचं खाणं आत न्यायला चालतं. मी मऊ वरणभाताचा डबा आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते. लहान मुलांसाठी आत एक वेगळी जागाच आहे. उंच खुर्च्या, कपडे बदलायला टेबलं, अंगावर पाजायला आडोसा. सगळं स्वच्छ. आपल्याकडच्या एसटी स्टँडवर तान्हं मूल घेऊन तासन्‌तास काढलेली मी बाई, मला तर ती खोलीच सगळ्यात मोठी राईड वाटली!

छकुली घोड्यांच्या चक्रावर बसली, छोट्या आगगाडीत बसली. ते बाहुल्यांचं 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' पाहिलं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात युनिसेफच्या दालनासाठी ते बनवलं होतं आणि १९६६ मध्ये इथे आणलं. नावेतून जाताना छकुली गप्प बसून नुसती मान वळवत होती. पण तिला सगळ्यात जास्त आवडलं काय? पाण्यावरची बदकं. खरी बदकं, तिकडे मोकळी हिंडतात. पाऊण तास ती त्यांच्या मागे "बदू, बदू" करत फिरली. आता तुम्ही म्हणणार, बदकं तर गावच्या तळ्यावर फुकट दिसतात. दिसतात की! पण त्या पाऊण तासात तिच्यामागे तिचे आई आणि बाबा दोघंही फिरत होते, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, आणि दोघांच्याही हातात फोन नव्हता. हे गावच्या तळ्यावर फुकट मिळत असेल तर जरूर घ्या. त्या दोघांना ते एरवी मिळत नाही.

दुपारी छकुली गाडीत झोपली. जावई आणि हे दोघं मोठ्यांच्या एका राईडला गेले. लेक आणि मी बाकावर बसलो. दोन मिनिटांत लेकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तीही झोपली. पस्तीस वर्षांची, एका मोठ्या कंपनीत जबाबदारीच्या जागेवर असलेली बाई, भर गर्दीत, बँडच्या आवाजात गाढ झोपली. मी हललेच नाही.

वॉल्ट डिस्ने सांगत असे की मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवून आपण बाकावर शेंगदाणे खात बसायचो, तेव्हा मुलं आणि आईबाप दोघांनाही मजा येईल अशी जागा हवी असं मनात आलं. १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं ते त्यातून. तेव्हा ही जागा पहिल्यापासूनच बाकावर बसणाऱ्यांचीही आहे. तो धंदा आहे हे मलाही दिसतं. पाण्याची बाटलीसुद्धा तिथे आपल्या जेवणाच्या भावात पडते. कोणी कर्ज काढून जा असं मी म्हणत नाही, गेलंच पाहिजे असंही नाही. पण गेले तर ते मोठ्यांसाठीही गेले, आणि त्यात लाजायचं काय? पहिल्या वाढदिवसाला हॉल घेऊन तीनशे पानं उठवणाऱ्यांनी तरी हे विचारू नये. त्या वाढदिवसाला उत्सवमूर्ती रडून रडून झोपलेली होती, मी स्वतः पाहिली आहे.

आता दुसरी बाजू, म्हणजे मी फक्त तिकडच्यांची वकिली करते असं कोणी म्हणायला नको.

आम्ही एका रांगेत होतो. मागून चक्क मराठी कानावर आलं म्हणून वळले. चारेक वर्षांचा मुलगा बापाच्या पायाला घट्ट धरून रडत होता. त्याला आत अंधार असल्याचं कळलं होतं. आणि बाप म्हणत होता, "रडू नकोस, शंभर डॉलर भरलेत तुझे, बसायलाच पाहिजे." आजी केविलवाणी होऊन बघत होती. बसवलंच त्यांनी त्याला. हा बाप आणि आमचे ग्रुपवरचे गृहस्थ, दोघं एकाच शाळेतले! एक म्हणतो, वसूल होणार नाही म्हणून नेऊ नका. दुसरा म्हणतो, नेलंय तर वसूल झालंच पाहिजे. दोघांनाही समोरचं मूल दिसत नाही, पावती दिसते. आईबापांनो, मूल रडलं तर रांगेतून बाहेर या. शंभर डॉलर गेले ते गेले. त्या दिवशी त्या मुलाला एवढंच कळलं की आपल्या भीतीपेक्षा तिकीट मोठं आहे. हेही त्याच्या लक्षात राहणार नाही कदाचित, पण घडण होईल ती याची.

आणि आता तिसरे हिशेबनीस. हे माझ्याच वयाचे. परदेशात जाऊन आले की इथे कट्ट्यावर सुरू होतात, "फुकटची आया आणि फुकटचा स्वयंपाकी म्हणून बोलावतात हो!" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. माझी पहिली बाळंतपणाची रजा तीन महिने होती. ती संपल्यावर मी शाळेत जायची आणि माझ्या सासूबाई दोन्ही लेकरांना सांभाळायच्या. त्यांना कोणी आया म्हटलं असतं तर त्यांनी लाटणं घेऊन घराबाहेर काढला असता. आपल्याकडे २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा झाली. अमेरिकेत देशभरासाठी जो कायदा आहे, १९९३ चा, तो बारा आठवडे देतो, तेही बिनपगारी, आणि तेही सगळ्यांना नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं त्यात थोडी भर घालतात. त्यानंतर तान्हं मूल पाळणाघरात. माझ्या लेकीला त्याचे महिन्याला दोन हजारांवर डॉलर पडतात. अशा वेळी तिने आईला बोलवायचं नाही तर कोणाला?

तिथे आपल्याला एकटं वाटतं, हे खरं आहे. गाडीशिवाय हलता येत नाही, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आजारपणाची धास्ती असते. काही घरांत गृहीतही धरतात. मग तसं तिथेच, लेकाला किंवा लेकीला तोंडावर सांगा. "मला रविवारी सुट्टी हवी" म्हणायला काय हरकत आहे? मी सांगितलं होतं. मिळाली. पण तिथे हसून राहायचं आणि इथे येऊन लग्नाच्या पंगतीत पोरांची धिंड काढायची, हे बरं नव्हे. टुरिस्ट व्हिसावर बहुधा सहा महिने राहू देतात. त्या सहा महिन्यांत नातीने "आजी" म्हणायला शिकणं याची मजुरी तासावर कशी मोजणार?

शेवटचं एक. फोनवर छकुली दिसली की तुम्ही तिची परीक्षा घेता. "काका म्हण. मामा म्हण. नाक कुठे आहे दाखव." ती बोलत नाही. मग लगेच, "मराठी येत नाही वाटतं हिला!" येतं. तिला "वर चढ, खाली ठेव, बाबांना दे, आता आपला नंबर" सगळं कळतं. रांगेत चाळीस मिनिटं उभं राहून मी हेच तर शिकवत होते. लहान मूल आधी समजतं आणि मग बोलतं, तेही रोज ज्याच्याशी खेळतं त्याच्याशी. महिन्यातून एकदा प्रश्नपत्रिका घेऊन येणाऱ्या माणसाशी कुठलंच मूल बोलत नाही. तुम्हीच पडद्यावर एखादा चमचा घेऊन वाजवा, मांजराचा आवाज काढा, बघा कशी बोलते ते.

तेव्हा नात्यातल्या मंडळींनो, माझं मागणं छोटं आहे. माझ्या लेकीला दोन ओळी लिहा. किती खर्च आला ते विचारू नका. छकुली काय खाते, रात्री झोपू देते का, नवा शब्द कोणता शिकली, आणि तू जेवलीस का, एवढं विचारा. फोटो आपोआप येतील.

पटलं नसेल तर मला जरूर कळवा, मी भांडायला तयार आहे. पण लेकीला मध्ये घेऊ नका.