अळंबी कोणती, हे आधी विचारावे

पावसाळा लागला की पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतील वैद्यांना रुग्ण हमखास विचारतात, ‘अळंबी खाल्ली तर चालेल का?’ आपल्यापैकी बरेच जण ग्रंथोक्त गुणधर्म सांगून मोकळे होतात. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 27व्या अध्यायात सर्पच्छत्रक वगळता इतर छत्रजाती शीत, मधुर, गुरु व पीनसकर सांगितल्या आहेत. सर्पच्छत्रक ओळखावे कसे, याचा उलगडा त्या श्लोकात होत नाही. सुश्रुताचार्यांनी पलाल, इक्षु, करीष, वेणु व क्षिती या उत्पत्तिस्थानांवरून भेद केले. व्यवहारात हाच धागा अधिक उपयोगी. पण तोही एकटा पुरत नाही.

वारुळावरची अळंबी (टर्मिटोमायसिस) वाळवीने भूगर्भात जोपासलेल्या बुरशीतून उगवते. अलगद खणल्यास देठ मुळासारखा निमुळता होत खोल गेलेला दिसतो. छत्रीच्या मध्यभागी उंचवटा, बहुधा टोकदार, असतो. गायरानात उगवणारी क्लोरोफायलम मोलिब्डाइट्स कोवळेपणी तशीच पांढरी दिसते आणि घात होतो तो येथेच. तिला असे लांब मूळ नसते, छत्रीवर तपकिरी खवले असतात आणि जून झाल्यावर खालची पाती हिरवट होतात. देठावरील कड्यावर विसंबू नये. वारुळावरच्या काही जातींतही ते असते. उमललेली छत्री पाती खाली करून रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवावी. पहिलीचा ठसा गुलाबीसर उमटतो, दुसरीचा हिरवट. इतकी साधी परीक्षा असताना चांदीचे नाणे काळे पडण्याच्या किंवा किड्यांनी खाल्लेली ती निर्विष, अशा समजुती वैद्यांच्याही तोंडी ऐकू याव्यात, याचा आम्हांस खेद होतो.

वांती-अतिसाराचा रुग्ण आल्यास अळंबी खाल्ल्यापासून किती तास झाले, हे प्रथम विचारावे. क्लोरोफायलमची लक्षणे बहुधा 1 ते 3 तासांत दिसतात. तेथे जलक्षय हाच मोठा धोका, म्हणून शोधनाचा विचार बाजूस ठेवावा. लक्षणे 6 तासांनंतर सुरू झाली असतील, तर यकृतघातक जातीचा संशय धरावा. अशा रुग्णास मध्ये एखादा दिवस बरे वाटते, तेवढ्यावरून त्यास घरी पाठवू नये. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत द्यावी आणि रुग्णास तत्काळ जिल्हा रुग्णालयात न्यावे.