सभेचा पत्ता दवाखान्यात लावा

पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. माझे यजमान तिथूनच घरी आले. खरी कसोटी त्यानंतरची, रोज संध्याकाळची. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेने ती वेळ सावरली. तिथे फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही; दारू सोडायची इच्छा पुरते. मुक्तांगणच्या ‘सहचरी’ गटात, इतर बायकांसमोर, मीही मोकळी झाले.

पण अशा सभा असतात हे आम्हाला फार उशिरा कळलं, याचा मला राग आहे. दारूचं दुकान कुणाला विचारावं लागत नाही, सभा मात्र शोधावी लागते. कसब्यापासून हडपसरपर्यंत प्रत्येक फॅमिली डॉक्टरांनी सभांच्या वेळा भिंतीवर लावाव्यात आणि महापालिकेने शाळेतला एक वर्ग संध्याकाळी उघडून द्यावा, तोही बिनभाड्याने.